भागाक्काचा अंगठा

अर्जदार: त्र्यंबक नथू, धंदा अर्जनवीस, वय अदमासे सत्तेचाळीस, शिक्षण मराठी सहावी पास व सातवीच्या परीक्षेस एकदा बसलेला, राहणार चिंचेची गल्ली, जळगाव.

सामनेवाला: वर लिहिलेलाच त्र्यंबक नथू.

घटनेची तारीख: नक्की स्मरत नाही. कापसाच्या जिनांचे भोंगे सुरू झाल्यानंतरचा दुसरा आठवडा, दिवेलागणीच्या थोडे आधी.

साक्षीदार: भागाक्का, हयात नाहीत. भिका आबा, गल्ली सोडून गेले. भागाक्कांची लेक सुपडी, पत्ता ठाऊक नाही. विटांचा एक ढीग, जागेवर हजर.

अर्जाच्या आरंभी नावे व साक्षीदार लिहावेत ही माझी पंचवीस वर्षांची रीत. कचेरीसमोरच्या निंबाखाली माझे बसकूर आहे, त्यावर लाकडी पेटी, पेटीवर दौत. या पेटीवरून जे कागद आत गेले त्यांतला एकही भाषेच्या दोषामुळे परत आलेला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. आज लिहितो आहे तो कागद कोणत्या खिडकीत द्यावयाचा हे मात्र मला ठाऊक नाही.

यंदाचा भोंगा परवा वाजला. दिवाळी सरली की एका पहाटे तो वाजतो, आणि साऱ्या गावाला अंगावरचे पांघरूण कोणी ओढल्यासारखे होते. मग चार महिने गाव कापसाचे. पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवानांच्या तोंडाला शिव्या. जिनांची घरघर कानांनी ऐकू येत नाही, ती पोटात बसते. रविवारी जिने थांबली की उलट काही तरी हरवल्यासारखे वाटते. हवेत सरकीचा तेलकट वास भरतो. आणि रुई! रुईचे तंतू वाऱ्यावर येतात नि डाळीच्या वाटीत, दौतीत, म्हाताऱ्यांच्या भुवयांत, वाळत घातलेल्या लुगड्यांत जाऊन बसतात. पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजली जातात, कळण्याची भाकरी थापली जाते. या ऋतूत खानदेशातला मनुष्य सुखी नसला तरी सुखी दिसतो.

मला मात्र रुईचा पहिला तंतू दौतीत पडलेला दिसला की टाक खाली ठेवावा लागतो.

परवाही तसेच झाले. टाक खाली ठेवला, एवढ्यात दामू नाना समोर येऊन बसले. नाना म्हणजे आमच्या गल्लीचे कारभारी. एके काळी एका वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे कायदा आपल्या घरी दूध घालतो अशा थाटात बोलतात. थकले आहेत आता. खोकत म्हणाले, "त्र्यंबकराव, एक अर्ज लिहायचा आहे. घरावर माडी चढवतो म्हणतो. धाकट्याला जागा नाही. लग्न झाल्यापासून पोरगा धुळ्याला भाड्याने पडलाय."

"गल्लीचा विरोध होईल, नाना," मी म्हणालो.

"कोण करतो विरोध? माणसाला राहायला जागा नको?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते थट्टा करीत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

मला आठवते.

आमच्या गल्लीत तेव्हा अकरा घरे होती. मध्ये आड, आडाशी चिंच. गल्लीच्या टोकाला भिका आबांची मोकळी जागा. तीत गवत, दोन शेळ्या, आणि पोरांची विटीदांडू. भिका आबा वखारीचे लाकूड विकून जरा वर आलेले, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्या वर्षी त्यांच्या मनाने घेतले की या जागेत दुमजली खोल्या बांधाव्या. खाली सहा, वर सहा. हंगामात जिनात राबायला साक्रीकडून, सातपुड्याच्या पायथ्याकडून माणसे येतात, ती नाल्याकाठी गोणपाटाच्या झोपड्यांत राहतात. त्यांना भिंती द्याव्या, आपल्याला भाडे मिळावे. विटा येऊन पडल्या. ताज्या भाजलेल्या, लालभडक.

त्या विटा पाहून सर्वांत अधिक आनंद झाला तो भागाक्काला.

भागाक्का कोण, हे सांगणे मला कठीण आहे. ती माझी नात्याने कोणी नव्हती. मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून एक ट्रंक नि सहावीचा दाखला घेऊन या गावात उतरलो, तेव्हा तीन दिवस कोणी मला उभे केले नाही. चौथ्या दिवशी आडावर पाणी मागितले. पाणी ओढणाऱ्या बाईने माझी बोली ऐकली नि विचारले, "कोना शे रे तू? आमना तिकडला दिसस." ती भागाक्का. नवरा वारलेला, एकच लेक. तिने घराला लागून असलेली पडवी मला झाडून दिली. सहा वर्षे मी त्या पडवीत राहिलो, तिथेच अर्ज लिहायला शिकलो. तेव्हा हेच दामू नाना आडावर मोठ्याने म्हणाले होते, "आज पडवीत घेतलाय, उद्या इथंच घर मांडील." अक्काने भरलेली घागर कमरेवर घेत उत्तर दिले होते, "मांडू दे ना, नाना. आड काय तुना बाप खंदी गया का?"

नानांचे म्हणणे खरे ठरले. मी घर मांडले. त्याच गल्लीत दोन खोल्यांचे, कौलारू, दारावर गणपती असलेले माझे घर मी बांधले. ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी मी घरमालक होऊन सात वर्षे झाली होती.

सुपडी ही अक्काची लेक. आधीची दोन मुले गेली, म्हणून ही जन्मताच सुपात घालून देवापुढे ठेवली, तेव्हापासून सुपडी. साक्रीकडे दिली होती. तिकडे दोन वर्षे पाऊस रुसला, आणि जावई जिनात कामाला येतो म्हणाला. पण राहायचे कोठे? अक्काची पडवी रिकामी होती. तरीही ती चालणार नव्हती. आमच्यात सासूच्या छपराखाली राहणारा जावई म्हणजे गावाची करमणूक. आणि लेकीच्या चुलीवरचे अन्न आईने खाऊ नये ही दुसरी रीत. जवळ असावे पण एका छपराखाली असू नये, अशी ही तिढ्याची गोष्ट. भिका आबांच्या खोल्यांनी तो तिढा सोडविला होता. त्याच गल्लीत, पण वेगळे दार, वेगळी चूल.

अक्का माझ्या ओट्यावर आली. पोस्टकार्ड पुढे केले. "लिख, भाऊ. दिवाई व्हयनी का ये, असं लिख तिले. आबा खोल्या बांधी ऱ्हायना. एक मी तुनासाठे धरी ठेयेल शे."

"पडवीत का नको, अक्का?" मी उगाच छेडले.

"जावाई सासूना घर ऱ्हास का कधी? लोके हासतीन त्याले." मग आवाज बारीक करून म्हणाली, "पोर पोटुशी शे. तिना आवाज आठे ऐकू येई, इतलंच माले जोयजे."

ते कार्ड मी माझ्या हाताने लिहिले. हे येथे मुद्दाम नमूद करतो. मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही.

पंधरा दिवसांनी नानांच्या ओसरीवर गल्लीतले पुरुष जमले. त्या बैठकीविषयी मी अनेकदा विचार केला आहे. तेथे एकही दुष्ट मनुष्य नव्हता. संक्रांतीला तीळ वाटणारी, एकमेकांच्या मयताला खांदा देणारीच ती माणसे. पण माणूस घर बांधतो तेव्हा तो केवळ चार भिंतींचा मालक होत नाही. अंगणात पडणारे ऊन, आडावरची आपली पाळी, दुपारची शांतता, समोरून जाणाऱ्याचे ओळखीचे तोंड, या साऱ्याचे खरेदीखत आपल्या पेटीत आहे असे त्याला वाटू लागते. मग कोणी समोर वीट रचली की ती त्याला आपल्या छातीवर रचल्यासारखी वाटते. एक म्हणाला, आड आटेल. दुसरा म्हणाला, वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीत दिसेल. तिसऱ्याला तापाच्या साथीची आठवण झाली. आणि एक गोष्ट कोणी पुरती बोलले नाही, तरी ती ओसरीभर फिरत होती. "कोण लोक येतील, काय सांगावं?" एवढेच वाक्य. त्याच्या शेवटी प्रत्येक जण जरा थांबे, आणि बाकीचे मान हलवीत.

भिका आबा तेथे आले होते. म्हणाले, "त्या मानसं शेतस, नाना. ढोरं नहीत. तुमले कापूस जोयजे, कापूस येचनारा नको?"

"कापूस जिनात असतो, आबा. गल्लीत नसतो," नाना म्हणाले, आणि सारे हसले.

मीही हसलो.

आबा उठून गेले. मग सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. "त्र्यंबकराव आहेत ना आपले," नाना म्हणाले. त्या आधी मी नानांच्या तोंडी नुसता त्र्यंबक होतो. त्या 'राव'ची चव अजून माझ्या जिभेवर आहे. जो पडवीतून आला होता, त्याला गल्ली पहिल्यांदाच 'आपला' म्हणत होती. आणि तो आपला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने एवढेच करावयाचे होते, की मागून येणाऱ्यांना दार लावून घ्यावयाचे.

मी अर्ज लिहिला. सात कलमे. 'सदरहू आडाचे पाणी विद्यमान कुटुंबांसच जेमतेम पुरते.' 'कुलीन स्त्रियांच्या मर्यादेस बाध येण्याचा संभव आहे.' 'अपरिचित परगावच्या लोकांच्या वस्तीमुळे आरोग्यास व स्वास्थ्यास धोका आहे.' इतका देखणा अर्ज मी पूर्वी लिहिला नव्हता, पुढेही लिहिला नाही. भीतीला उघडी नागडी कचेरीत नेता येत नाही, तिला कपडे लागतात. आणि ते कपडे शिवणारा शिंपी मी.

नऊ घरांच्या सह्या व अंगठे झाले. भिका आबांचे सोडून उरले एक घर, गल्लीतले सर्वांत जुने. नाना म्हणाले, "अक्काचा अंगठा नसेल तर अर्ज लंगडा. साहेब पहिल्यांदा विचारील, सगळी घरं आहेत का?"

आमच्या धंद्यात अंगठा घेण्यापूर्वी कागद वाचून दाखवावा लागतो. खाली तशी ओळ असते: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.' ती ओळ मी नेहमी अर्ज लिहितानाच लिहून टाकतो, वाचणे मागाहून. सगळेच अर्जनवीस असे करतात. हाताला सवय असते; शाई एकसारखी दिसते. त्या दिवशीही ती ओळ आधीच लिहिलेली होती.

दिवेलागण व्हायची होती. अक्का दारात बसून भाकरीचे पीठ मळीत होती. मी कागद पुढे धरला.

"कसाना कागद शे?"

"गल्लीचा आहे, अक्का. गल्लीच्या भल्याचा. सगळ्यांनी दिलाय अंगठा."

मी थांबलो. वाचायला जीभ उचलली होती, हे शपथेवर सांगतो. पहिल्या कलमावर माझी नजरही गेली होती.

"तू लिखेल शे ना?" ती म्हणाली. "मंग काय दखनं?" पिठाचा अंगठा तिने पदराला पुसला, माझ्या शाईच्या गादीवर टेकला, आणि मी दाखविली त्या जागी ठेवला. पीठ पुरते निघाले नव्हते. त्या ठशात मधोमध एक पांढरी चीर उमटली.

मी कागदाची घडी केली. ती म्हणाली, "भाकर खाई जाय."

मी खाऊन गेलो.

म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर पाहणीस आले. "सगळ्या घरांची हरकत आहे?" त्यांनी विचारले. नानांनी माझ्याकडे पाहिले, मी कागद पुढे केला. साहेबांनी अक्षराची तारीफ केली. परवानगी नाकारली गेली. भिका आबांना नकलेसाठी मूळ कागद दाखविण्यात आला, असे मला मागाहून कळले. त्यांनी विटा तशाच ठेवल्या. त्यावर रुई साचू लागली. लांबून पाहिले तर लाल ढिगाला पांढरे केस आल्यासारखे दिसे.

सुपडी व जावई एका गाडीवर बसून आले. एक वळकटी, एक जाते, एक कोंबडी. सुपडी विटांच्या ढिगापाशी उतरली आणि पोटावर हात ठेवून हसत म्हणाली, "माय, हाईच का मनी खोली? छप्पर कोठे शे?" अक्काने गाडीवरची वळकटी उतरवून घेतली. दोन रात्री जावई चिंचेखाली निजला. तिसऱ्या दिवशी तो सुपडीला घेऊन मेहरूणच्या बाजूला, नाल्याकाठच्या झोपड्यांत गेला.

त्यानंतर अक्का निंबाखाली माझ्या पेटीसमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत ती कचेरीकडे कधी आली नव्हती.

"अर्ज लिख," म्हणाली. "आबाले खोल्या बांधू द्या, असा. आनि ज्यानी आडकाठी घाली त्याना नाव लिख."

"नाव ठाऊक नाही, अक्का."

"तुले ठाव नही?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुले तर बठ्ठा गावना कागद ठाव शेतस."

मी मान खाली घालून लिहू लागलो. अक्षर जरासुद्धा बिघडले नाही. या हाताला तेवढी एक विद्या येते. 'अर्जदार वृद्ध व विधवा असून तिची एकुलती एक कन्या गरोदर अवस्थेत उघड्यावर आहे.' लिहून झाल्यावर शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा पुढे केला नाही.

"आते वाची दाखाड," ती म्हणाली. "बठ्ठं."

मी सगळे वाचले. माझा आवाज मोठा आहे, शेजारचे दोन पक्षकारही ऐकू लागले. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटची ओळ आली, 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, समजला, कबूल आहे'. तेव्हा तिने डोळे उघडले. अंगठा ठेवला. या वेळचा ठसा पुरता होता, चीर नव्हती.

"बेस लिखस तू," उठताना गुडघ्यावर हात टेकून ती म्हणाली. "पयलेपासूनच बेस लिखस."

तो अर्ज मी दिला नाही. एकाच अक्षरातले दोन अर्ज, एका बाईचे दोन अंगठे, एक हरकतीचा, एक विनंतीचा. साहेबांनी विचारले असते. नानांना कळले असते. मी पुन्हा नुसता त्र्यंबक झालो असतो. मी तो पेटीच्या तळाशी ठेवला, आणि अक्का भेटली की म्हणे, "कागद वर गेलाय. वेळ लागतो." तिने मला पुन्हा कधी विचारले नाही.

पौषात थंडी कडाडली. अक्काने दाराला कडी घातली आणि नाल्याकाठी लेकीकडे राहायला गेली. गल्लीला धक्का बसला. सुपडीला मुलगी झाली होती. मी एकदा गेलो. पऱ्हाट्यांचा कूड, त्यावर गोणपाट. आत चूल मात्र पक्क्या विटांची. भिका आबा आपल्या ढिगातल्या विटा डोक्यावरून आणून देत असत. अक्का चुलीशी बसून खोकत होती. छातीत घरघर. लेकीने थापलेली भाकरी हातात होती.

माझ्याने राहवले नाही. "लेकीच्या घरचं खातेस, अक्का?"

"घर कोठे शे हाई?" ती शांतपणे म्हणाली. "घर ऱ्हातं तर मी आठे खाती का?"

पुढचा महिना लागण्यापूर्वी ती गेली. गल्लीतले सगळे आले. नानांनी खांदा दिला, रडलेही. नाल्याकाठून मेहरूणच्या तळ्याकडे जाताना वाऱ्याने रुई येत होती आणि तिच्या अंगावर बसत होती, कोणी झटकीत नव्हते. परतताना भिका आबा माझ्या शेजारी चालले. मग म्हणाले, "तुनं अक्षर मी वयखस, त्र्यंबक."

एवढेच. हरकतीच्या कागदावरचे माझे अक्षर त्यांनी ओळखले होते. होळीपूर्वी ते गल्ली सोडून गेले. जिने बंद झाली तशी सुपडी, जावई नि तान्ही मुलगी भुसावळकडे गेल्याचे कळले. तेथून कोठे, ते कोणास ठाऊक नाही. अक्काच्या घराचे कौल गळाले, मग आढे खाली आले. आडाला त्या उन्हाळ्यात भरपूर पाणी होते.

त्यानंतर आमच्या गल्लीत एकही नवे घर झाले नाही. शांतता जशीच्या तशी राहिली. मुले मोठी झाली आणि जागा नाही म्हणून एकेक करून बाहेर पडली. आता दुपारी आडावर रहाटाचा आवाज होत नाही. आम्ही जे राखले ते अगदी पुरते राखले आहे, त्यात आता आम्हीच उरलो आहोत.

नानांचा माडीचा अर्ज मी काल लिहून दिला. त्यांना सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखविला, दोनदा. "अहो, पुरे," नाना म्हणाले, "मी काय निरक्षर आहे?" विरोध करायला गल्लीत कोणी उरले नसल्यामुळे परवानगी मिळेल, असे वाटते.

वर नमूद केलेल्या हकीकतीत सामनेवाल्याचा गुन्हा शाबीत आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद एकाच मुद्द्याचा आहे. भिका आबांनी तो कागद पाहिला होता. त्यांनी अक्काला सांगितले होते की नाही? ती निंबाखाली आली, ती मला विचारायला आली होती, की मला एक संधी द्यायला? सहा वर्षे पडवीत आणि त्यानंतरही तिने मला 'वाची दाखाड' असे एकदाही म्हटले नव्हते.

तरी भागाक्कांची कन्या सुपडीबाई, हल्ली मुक्काम जेथे असेल तेथे, यांस नम्र विनंती की, आपल्या आईस ही गोष्ट ठाऊक होती किंवा कसे, हे एका ओळीत कळविण्याची मेहरबानी व्हावी. होय असल्यास होय, नाही असल्यास नाही. दोहोंपैकी कोणतेही उत्तर अर्जदारास जड जाईल, परंतु त्याचा विचार करू नये. सोबत आपल्या आईचा अर्ज एक, न दिलेला, जोडला आहे.

उत्तर आपणास लिहिता येत नसल्यास कोणाकडूनही लिहवून घ्यावे. मात्र खाली अंगठा ठेवण्यापूर्वी, लिहिणारा कितीही घरचा असला तरी, मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचवून घ्यावा.